पिकाचू, तिसरी पिन आणि आजोबांचे बैल

आधीच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमधे झालं. मराठी घरात बोलायचं आणि पेपरपुरतं लिहायचं, एवढाच संबंध. त्यामुळे मासिकाच्या मराठी विभागासाठी लेख दे असं आमच्या मॅडम म्हणाल्या तेव्हा मी सरळ पळ काढायच्या बेतात होते. "ऱ्हस्व-दीर्घ आम्ही बघू, तू विषय सांग," मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, "पिकाचूचा शॉक." मॅडम दोन मिनिटं गप्प. मग म्हणाल्या, "लिही. पण वाचून मुलांना काहीतरी कळलं पाहिजे."

तर हा लेख म्हणजे इलेक्ट्रिकलचा एक छोटासा धडा आहे. दुसऱ्या ब्रँचवाल्यांनी पान उलटू नये, कारण सॉकेट सगळ्यांच्याच रूममधे आहे. आणि यात आमच्या रूमची एक गोष्ट आहे, ती कधीतरी लिहून काढायचीच होती.

पिकाचूची मूव्ह

शाळेत असताना टीव्हीवर हिंदीतून पोकेमॉन लागायचं. गृहपाठ राहिला तरी चालेल पण तो अर्धा तास चुकायचा नाही! पुढे आतेभावाने त्याचा जुना गेम बॉय मला दिला आणि मग तर विचारूच नका. या गेमची सुरुवात जपानमधे २७ फेब्रुवारी १९९६ ला झाली. वेगवेगळे प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचं आणि एकमेकांशी लढवायचं, असा सगळा खेळ. त्यातला पंचवीस नंबरचा पिवळा उंदीर म्हणजे पिकाचू, आणि त्याची सगळ्यात गाजलेली मूव्ह म्हणजे थंडरबोल्ट.

या मूव्हचं मूळ जपानी नाव आहे 'जूमान बोरुतो'. जूमान म्हणजे एक लाख. म्हणजे या मूव्हचं नाव सरळ 'एक लाख व्होल्ट' असं आहे! इंग्रजीत त्याचं थंडरबोल्ट झालं आणि आकडा गेला.

गेममधे या मूव्हची ताकद पूर्वी ९५ होती, २०१३ पासून ९० केली. नेम शंभर टक्के. दहा टक्के वेळा समोरच्याला लकवा मारतो. नुकसान किती होणार याचं चक्क एक सूत्र आहे. हल्ला करणारा ५० व्या लेव्हलचा आहे, त्याचा अटॅक आणि समोरच्याचा बचाव सारखाच आहे असं धरा. (नशिबाचा एक छोटा आकडा असतो, तो सोडून देऊ.) मग हिशोब येतो ४१. पिकाचू स्वतः विजेचा प्राणी असल्यामुळे त्याला दीडपट बोनस, झाले ६१. समोरचा पाण्यातला प्राणी असेल तर दुप्पट, म्हणजे १२२. आणि समोरचा जमिनीचा, म्हणजे 'ग्राउंड' टाईपचा असेल तर शेवटचा गुणक शून्य. कितीही मोठी संख्या असू दे, शून्याने गुणलं की संपलं. स्क्रीनवर येतं, काहीही परिणाम झाला नाही.

हा तक्ता मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता. वीज पाण्याला डबल, जमिनीला झिरो. एफईला बेसिक इलेक्ट्रिकलमधे अर्थिंग शिकवलं तेव्हा मी मनात म्हटलं, हे तर मला चौथीपासून येतं! अमेरिकन पुस्तकात तर अर्थला ग्राउंडच म्हणतात. व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "अर्थिंग का करायचं?" मी ताठ मानेने सांगितलं, "सर, जमिनीवर विजेचा परिणाम होत नाही म्हणून." सर हसले, मार्क दिले आणि पुढच्या रोल नंबरला बोलावलं. ते उत्तर चूक होतं हे मला कळायला अजून दीड वर्ष लागलं.

लाख व्होल्ट म्हणजे किती?

आधी व्होल्टचं बघू. एक लाख व्होल्ट ऐकायला भयंकर वाटतं. पण आपल्या जिल्ह्यातच याच्या साडेसात पटीहून जास्त व्होल्टेज आहे. रायचूर ते सोलापूर ही ७६५ केव्हीची, म्हणजे ७ लाख ६५ हजार व्होल्टची लाईन ३१ डिसेंबर २०१३ ला जोडली गेली, आणि त्या दिवशी दक्षिण भारताचं ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडला एका तालात मिळालं. अख्ख्या देशाचं एक ग्रिड झालं ते आपल्या सोलापुरातून! हे मला कॉलेजात येईपर्यंत माहीत नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगते.

पण व्होल्टेज एकटं कुणाला मारत नाही. थंडीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला की चट्कन ठिणगी बसते ना, ती काही हजार व्होल्टची असते. आपण "आई गं" म्हणतो आणि कामाला लागतो, कारण तिच्यातला चार्ज एवढासा असतो की क्षणात संपतो. माणसाला मारतो तो शरीरातून वाहणारा करंट. साधारण १ मिलिअँपियरला मुंग्या येतात. १० च्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ५० ते १०० मिलिअँपियर छातीतून गेला तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस जाऊ शकतो. आणि हा करंट द्यायला लाख व्होल्ट लागत नाहीत. आपल्या भिंतीतले २३० पुरतात.

कसे ते पाहा. कोरड्या कातडीचा रोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो. २३० भागिले एक लाख, म्हणजे २.३ मिलिअँपियर. नुसत्या मुंग्या. तेच अंग ओलं असेल तर रोध १,००० ओहमच्या जवळ येतो. २३० भागिले १,००० म्हणजे २३० मिलिअँपियर. माणूस तोच, सॉकेट तेच, आकडा शंभरपट.

कार्टूनमधे हे बरोबर दाखवलं आहे बरं का. अॅशची पहिली जिम लढत आठवते? समोर ब्रॉकचा ऑनिक्स, दगडाचा आणि जमिनीचा प्राणी. पिकाचूचं काही चालेना. मग आगीमुळे छतावरचे पाण्याचे फवारे सुरू झाले, ऑनिक्स भिजला, आणि मग शॉक लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. ओल्याला शॉक लागतो हे दहा वर्षांच्या मुलीला माहीत होतं. विसाव्या वर्षी ती ते विसरली.

आमच्या रूममधली गोष्ट

आता ती गोष्ट. हॉस्टेलवर हीटरच्या रॉडला बंदी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. कुणाच्या कपाटात रॉड आहे हेही सगळ्यांना माहीत असतं! आमच्या रूममधला रॉड माझा होता. जानेवारी महिना, पहाटेची थंडी, आणि गरम पाण्याला लाईन. रॉडला तीन पिनांचं टॉप होतं, पण आमच्या जुन्या एक्स्टेन्शन बोर्डाला वरचं भोक नव्हतंच. मी पक्कड घेतली आणि वरची जाडी पिन पिरगाळून मोडून टाकली. दोन मिनिटांचं काम. पाणी तापलं. महिनाभर तापत राहिलं.

मग एके दिवशी रॉडच्या नळीला बारीक चीर गेली असणार. आम्हाला दिसली नाही. माझी रूम पार्टनर अनवाणी, बाथरूमच्या ओल्या फरशीवर उभी होती आणि पाणी तापलं का बघायला तिने बादलीत बोट घातलं.

ती मागे फेकली गेली, हे आमचं नशीब. बोट पाण्यातून सुटलं. हात तासभर बधिर होता, मनगट मुरगळलं, डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. ती आज माझ्या शेजारी बसून हा लेख वाचते आहे आणि शुद्धलेखन काढते आहे. पण त्या सकाळी ती भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरे पडले होते आणि मला तिचं नाव सुद्धा नीट हाक मारता येत नव्हतं.

वायरमन काका आले. रॉड उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, "ताई, ही पिन कुणी मोडली?"

मी म्हटलं, "मी."

"तुम्ही इलेक्ट्रिकलच्या ना?"

त्यापुढे ते काही बोलले नाहीत. रेक्टर मॅडम नंतर खूप बोलल्या, पण मला लागलं ते काकांचं वाक्य.

ती पिन काय करते?

आता धडा. तिसरी पिन म्हणजे अर्थची पिन. ती बाकी दोघींपेक्षा लांब असते, कारण टॉप खोचताना ती आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. तिची तार रॉडच्या बाहेरच्या धातूच्या नळीला जोडलेली असते. नळीला चीर गेली आणि आतला करंट बाहेर आला, तर त्याला त्या तारेतून परत जायला सोपा रस्ता मिळतो. त्या सगळ्या रस्त्याचा रोध २ ओहम धरा. २३० भागिले २ म्हणजे ११५ अँपियर. १६ अँपियरची एमसीबी एवढ्या करंटला पापणी लवायच्या आत पडते. लाईट जातात, सगळ्या ओरडतात, आणि कुणालाच काही होत नाही.

मी ती पिन मोडली तेव्हा तो रस्ताच बंद केला. पाणी जिवंत झालं आणि वाट बघत राहिलं. मग रस्ता मिळाला तो माझ्या मैत्रिणीच्या अंगातून. करंट किती? वर काढलाच आहे, २३० मिलिअँपियरपर्यंत. म्हणजे ०.२३ अँपियर. १६ अँपियरच्या एमसीबीला हा तिच्या मर्यादेचा सत्तरावा भाग. तिला काही कळतच नाही. मित्रांनो, हे वाक्य दोनदा वाचा. एमसीबी वायरला वाचवते. तिच्या हिशोबात माणूस बसत नाही.

माणसासाठी असते ती आरसीसीबी, जिला आपल्याकडे अजून ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे ती सतत मोजत असते. ३० मिलिअँपियरचा फरक पडला की लाईन तोडते. घरात, हॉस्टेलवर, शेतातल्या मोटारीवर ती असायला हवी.

आणि अर्थची तार शेवटी जाते कुठे? जमिनीतल्या खड्ड्यात, कोळसा-मिठात पुरलेल्या पाईपला किंवा पत्र्याला. आपला भाग दुष्काळी. एप्रिल-मे मधे जमीन कोरडी पडून भेगाळते तसा तो खड्डाही कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो. तो १०० ओहम झाला असं धरा. बिघाड झाला तर २३० भागिले १००, फक्त २.३ अँपियर. एमसीबी पडणार नाही आणि मशीनची बॉडी तशीच जिवंत राहणार. म्हणून जुने वायरमन उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात. ते बघून आम्ही हसायचो. आता मी स्वतः ओतते.

आजोबांचे बैल

आता माझं व्हायवाचं उत्तर चूक का, ते सांगते. जमिनीवर विजेचा परिणाम होत नाही, हे खोटं आहे. आणि याचा पुरावा मी चौथीत असतानाच बघितला होता, पण मला तो वाचता आला नाही.

आमची शेती वैरागच्या बाजूला. मे महिन्याच्या सुट्टीत मी आजोबांकडे होते. दुपारी वळिवाचं आभाळ आलं. बांधावरच्या चिंचेखाली बैलजोडी बांधली होती. आजोबा तिला सोडून आणायला निघाले आणि वाटेतच होते तेवढ्यात चिंचेवर वीज पडली. (गेममधे पिकाचूची 'थंडर' नावाची मोठी मूव्ह आहे. एरवी तिचा नेम दहात सातदा लागतो, पण पाऊस असेल तर ती चुकतच नाही. मला तेव्हा तेच आठवलं होतं.) झाड मधोमध चिरलं. दोन्ही बैल जागेवर गेले. अंगावर जखम नाही, भाजल्याची खूण नाही. आजोबा तीस-एक मीटरवर होते. त्यांच्या पायातून नुसत्या मुंग्या गेल्या.

मी त्यांना विचारलं होतं, "आजोबा, वीज तर झाडावर पडली. बैल तर जमिनीवर उभे होते. मग ते कसे गेले?"

आजोबा म्हणाले, "पोरी, त्यांची येळ भरली व्हती."

तलाठी आले, पंचनामा झाला. आजोबांनी परत बैल घेतले नाहीत. माझा प्रश्न तसाच राहिला. थर्ड इयरला अर्थिंगच्या चॅप्टरमधे 'स्टेप व्होल्टेज' आलं आणि मी वर्गात बसल्या बसल्या वहीच्या मागच्या पानावर तो हिशोब केला.

वीज जमिनीत शिरते तेव्हा ती गडप होत नाही. दगड टाकल्यावर पाण्यात वर्तुळं पसरतात तशी चारी बाजूंनी पसरते. झाडाजवळ व्होल्टेज प्रचंड, लांब जावं तसं कमी. म्हणजे त्या क्षणी जमिनीच्या प्रत्येक ठिकाणचं व्होल्टेज वेगळं असतं. तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच व्होल्टेजवर असतात. बैलाचे नसतात.

विजेचा करंट ३०,००० अँपियर आणि मातीची रेझिस्टिव्हिटी १०० ओहम-मीटर धरा. दोघांचा गुणाकार भागिले ६.२८ केला की साधारण ४,७७,५०० येतात. याला (१ भागिले जवळच्या पायाचं अंतर) वजा (१ भागिले लांबच्या पायाचं अंतर) याने गुणायचं. बैल झाडापासून ५ मीटरवर, पुढच्या-मागच्या पायात दीड मीटर. उत्तर, सुमारे २२,००० व्होल्ट. आणि पुढच्या पायातून मागच्या पायात जाताना वाटेत हृदय लागतं. आजोबा ३० मीटरवर, पावलात अर्धा मीटर. उत्तर, सुमारे २६० व्होल्ट, तेही क्षणभर आणि एका पायातून दुसऱ्या पायात. माती काळी आणि ओली असेल तर हे आकडे कमी येतील, मुरमाड असेल तर जास्त. पण दोघांमधला फरक तोच राहतो, चौऱ्याऐंशी पटींचा.

हिशोब संपला तेव्हा मला रडू आलं. आजोबा तोपर्यंत हयात नव्हते. येळ वगैरे काही भरली नव्हती हो. बैल झाडाखाली बांधले होते, एवढंच. आणि आजोबा अजून दहा-पंधरा पावलं लवकर निघाले असते तर?

म्हणजे तक्त्यातला तो शून्य आपण मानलेला आहे. पुस्तकात आपण जमिनीचं व्होल्टेज शून्य धरतो, कारण मोजायला कुठूनतरी सुरुवात हवी. तो शून्य खरा ठेवायला अखंड तार लागते, ओला खड्डा लागतो आणि एक न मोडलेली पिन लागते. गेममधे तो फुकट मिळतो, इथे नाही.

मग करायचं काय?

रूममधे: मोडक्या पिनेचं टॉप बदला, ते अगदी थोड्या पैशांत येतं. काडेपेटीच्या काड्या खोचून उघड्या वायरी सॉकेटमधे घालणं आजपासून बंद. रॉडच्या भानगडीत पडूच नका. घरी वापरत असाल तर बटण बंद करून, टॉप काढून, मगच पाण्याला हात लावा. ईएलसीबीवर 'टेस्ट' असं लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा. कुणाला शॉक लागून तो चिकटला असेल तर आधी मेन स्विच बंद करा, त्याला हात लावायला धावू नका.

शेतात: वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि ३ ने भागा, तेवढे किलोमीटर ती लांब आहे. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली उभं राहू नका, जनावरं बांधू नका. उघड्यावर अडकलातच तर दोन्ही पाय जोडून, वाकून उकिडवे बसा, आडवे झोपू नका. १० मीटरवर अर्ध्या मीटरच्या पावलात सुमारे २,२७० व्होल्ट येतात, तेच पाय दहा सेंटिमीटरवर आणले तर ४७०. रबरी चप्पल विजेपासून वाचवत नाही. मोबाईल वीज ओढत नाही. उलट मोबाईलवर पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' नावाचं अॅप घ्या, आसपास वीज पडत असेल तर ते सांगतं. आणि वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला लगेच हात लावा, श्वास बघा, गरज पडली तर छाती दाबा आणि १०८ ला फोन करा. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात २,८८७ माणसं वीज पडून गेली. त्यातले कितीतरी शेतातले असणार, आपल्या आजोबांसारखे.

हे सगळं तुम्ही सुट्टीत गावी गेल्यावर सांगा. आपल्यापैकी निम्म्या जणांच्या घरी शेती आहे. पुस्तकातलं त्यांना आपणच सांगणार, दुसरं कोण?

गेम बॉय अजून माझ्या कपाटात आहे, जिथे आधी रॉड असायचा. आणि मोडलेल्या पिनेचं ते टॉप मी कंपास पेटीत ठेवलं आहे. पुढच्या व्हायवाला कुणी विचारलं "अर्थिंग का करायचं?" तर या वेळी मी नीट सांगेन.

ता. क. लेख वाचून झाल्यावर माझ्या रूम पार्टनरने दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि म्हणाली, "माझं नाव घालू नकोस, पण बोट अजून कधी कधी झिणझिणतं, ते घाल." घातलं.